डब्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूचं लेबल वाचा

मागच्या अंकात या पानावर घरी स्वतः जोडायच्या कॉम्प्युटरबद्दल लिहिलं होतं: प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड लागतं का, वगैरे. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रं आली, त्यातली बहुतेक एकाच भागाबद्दल आहेत. तो भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात पॉवर सप्लाय: भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागते तशी करून देणारा डबा. मला त्याचा मनापासून आनंद झाला. माझी नोकरी महापे एमआयडीसीत, पॉवर सप्लाय बनवणाऱ्या कारखान्याच्या टेस्टिंग विभागात झाली. सगळी खरेदी आटोपल्यावर उरल्यासुरल्या पैशांत लोक जो भाग घेतात तो हाच, आणि बाकीच्या सगळ्या भागांचा जीव ज्याच्या हातात असतो तोही हाच. म्हणून हे पान या वेळी पूर्ण त्यालाच.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बाबांनी कॉम्प्युटरसाठी पासष्ट हजार दिलेत. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि घरातली जुनी हार्ड डिस्क असं ठरलंय. दुकानदार कॅबिनेटबरोबर ‘५०० वॅट’चा एसएमपीएस फुकट देतोय. मित्र म्हणतो, ८५० वॅटच्या खाली घेऊच नकोस. कुणाचं ऐकू?
– एक विद्यार्थी, कोपरखैरणे

उत्तर : दोघांचंही ऐकू नकोस. आधी बेरीज कर. रायझन ५ ५६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण ताण आला की तो त्याहून जास्त घेतो, म्हणून मी ८८ वॅटपर्यंत धरते. आरटीएक्स ४०६० ला एनव्हिडियाने ११५ वॅट दिलेत. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क आणि पंखे या सगळ्यांचे मिळून मी ५० ते ६० धरते. झाले २६० च्या आसपास. तेही प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोरात चालले तर. गेम खेळताना सहसा त्यातलं एकच जोरात असतं.

मग ३०० वॅटचा घेऊन का भागवायचं नाही? एक तर ग्राफिक्स कार्ड अगदी क्षणभर, मिलिसेकंदाच्याही आत, आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं. ती उसळी एसएमपीएसला पेलता आली पाहिजे. दुसरं, साधारण निम्म्या लोडवर एसएमपीएस सर्वांत कमी वीज वाया घालवतो, कमी तापतो आणि त्याचा पंखा हळू फिरतो. तिसरं, तू तीन वर्षांनी कार्ड बदलशील तेव्हा एसएमपीएस तोच राहावा. एनव्हिडियाची स्वतःची शिफारस ४०६० साठी ५५० वॅटची आहे आणि तुला तेवढा भरपूर झाला. ८५० ने काही बिघडणार नाही, पण त्याला जाणारे जास्तीचे पैसे एसएसडीत घाल, रोज उपयोगी पडतील.

आता तो फुकटचा डबा. दुकानात गेलास की खोकं बघू नकोस, एसएमपीएसच हातात माग आणि बाजूला चिकटवलेलं लेबल वाच. त्यावर एक तक्ता असतो: +३.३, +५, +१२, −१२ आणि +५ एसबी असे रकाने, खाली प्रत्येकाचे अँपियर. तुला फक्त +१२ च्या खालचा आकडा हवा. त्याला १२ ने गुण. चांगल्या ५५० वॅटच्या लेबलवर तिथे ४५ अँपियर किंवा त्याच्या जवळपासचा आकडा दिसेल, म्हणजे ५४० वॅट. जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या ‘५०० वॅट’च्या कित्येक डब्यांवर तिथे १८ अँपियर असतात. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. तुझ्या नुसत्या प्रोसेसर आणि कार्डला मिळून २०३ लागतात. वर हार्ड डिस्कची मोटर आणि पंखे. संपलंच की सगळं.

मग ते ५०० कुठून आले? बाकीची ताकद ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेली असते. एके काळी प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे, तेव्हा तो हिशेब खरा होता. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्या मदरबोर्डवर १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली आणि तेव्हापासून सगळा भार १२ वर सरकला. आजच्या मशीनला ५ आणि ३.३ फार थोडे लागतात. तिथली ताकद तुझ्या कार्डच्या काही कामाची नाही.

आणि लेबलवर लिहिलंय तेवढं तरी तो देतो का, हा वेगळाच प्रश्न. कारखान्यात आम्ही एसएमपीएस इलेक्ट्रॉनिक लोडवर, म्हणजे हवा तेवढा करंट ओढणाऱ्या यंत्रावर, चढवायचो. नॉब फिरवत करंट वाढवायचा आणि स्कोपवर, म्हणजे व्होल्ट रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या पडद्यावर, १२ व्होल्टची रेघ बघत बसायचं. चांगला माल असला की शून्यापासून पूर्ण लोडपर्यंत ती रेघ १२.१ वरून फार तर ११.९ वर येते. तुलनेसाठी बाजारातून आणलेले स्वस्त डबे निम्म्या लोडलाच ११.४ च्या खाली घसरायचे. एटीएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या, ३.० च्या आधीच्या नियमात १२ व्होल्टला पाच टक्क्यांची मुभा होती, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याच्या फार खाली गेलं की कॉम्प्युटर काही न सांगता रीस्टार्ट होऊ शकतो आणि माणूस विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतो. रेघेवरची थरथर, जिला रिपल म्हणतात, ती १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आत हवी. त्या डब्यांची रेघ करवतीसारखी दिसायची. ही थरथर मदरबोर्डवरचे आणि कार्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, रात्रंदिवस सोसतात आणि लवकर म्हातारे होतात.

म्हणून दुकानदाराला सांग, कॅबिनेट बिनाएसएमपीएसचं द्या आणि तेवढे पैसे कमी करा. साडेतीन-चार हजारांच्या आसपास ८० प्लस ब्रॉन्झचा (हे वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र, त्याबद्दल पुढे), पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅट मिळतो. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार, असं या धंद्यात सर्रास असतं. ज्या मॉडेलची लोड लावून, स्कोपवर मोजून केलेली चाचणी तुला वाचायला मिळेल तेच घे. खोकं उघडण्याचे व्हिडिओ कितीही बघितले तरी त्यातून आतलं काही कळत नाही.

प्रश्न : कॉम्प्युटर चालू असताना कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. अनवाणी असलो की जास्त. एसएमपीएस बदलून झाला, नव्यानेही तेच. आमची इमारत जुनी आहे. हे धोक्याचं आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर, तुमचा जुना एसएमपीएसही बहुधा चांगलाच होता. दोष भिंतीत आहे. तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा वायर आहे पण ती जमिनीपर्यंत पोहोचलेली नाही.

होतं काय, ते सांगते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. त्यात फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एक, असे दोन चिमुकले निळे कपॅसिटर बसवलेले असतात. गोंगाट त्यांच्यातून अर्थमध्ये उतरतो. एसएमपीएसचा पत्रा अर्थला जोडलेला, तो स्क्रूने कॅबिनेटला जोडलेला. अर्थ नीट असेल तर कॅबिनेट शून्यावर बसतं आणि तुम्हाला काही जाणवत नाही. अर्थच नसेल तर कॅबिनेट त्या दोन कपॅसिटरांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. त्यातून वाहणारा करंट मिलिअँपियरपेक्षाही कमी असतो, म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. अनवाणी असलं की तुमच्या पायांतून रस्ता मिळतो.

या मुंग्यांनी जीव जात नाही. पण त्या तुम्हाला सांगतायत की उद्या आत खरोखर फेजची वायर पत्र्याला टेकली, तर तो करंट जमिनीत न्यायला काहीच नाही. मग पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर बसतील, एमसीबीही पडणार नाही. म्हणून याला धोका समजा आणि या आठवड्यातच वायरमन बोलवा.

त्याला मल्टिमीटर घेऊन यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसायला हवं, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटरवर बरोबर आलं तरी तेवढ्यावर थांबू नका. मीटर फार थोडा करंट घेतो, त्यामुळे कच्च्या अर्थवरही तो २३० दाखवतो. जुने वायरमन शंभराचा बल्ब होल्डरसकट आणतात आणि फेज आणि अर्थमध्ये लावून बघतात. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ खरा, मिणमिणला तर खोटा. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल. पडला तर करंटला अर्थकडे जायला रस्ता आहे असं समजा. हे वायरमननेच करायचं, तुम्ही नाही.

दोन उपाय मात्र त्याला अजिबात करू देऊ नका. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, माणूस खूश होतो. पण कधी न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यावाटे सगळे २३० व्होल्ट तुमच्या कॅबिनेटवर येतील. दुसरा उपाय नळाच्या पाइपला अर्थ जोडायचा. पाइपलाइनमध्ये मध्येच कुठे प्लास्टिकचा पाइप आला की तो अर्थ राहत नाही, आणि वरच्या मजल्यावर कुणी नळाखाली हात धरून उभं असतं. इमारतीला नीट अर्थपिट नसेल तर सोसायटीच्या सभेत विषय काढा. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, अर्थपिटचा खर्च सगळ्या बिऱ्हाडांत वाटला की फार येत नाही. गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी तर ते कॉम्प्युटरहूनही जास्त गरजेचं आहे.

तोपर्यंत कॉम्प्युटर चालू असताना टीव्हीची एचडीएमआय वायर त्याला लावू-काढू नका. ते तरंगणारे व्होल्ट मग पोर्टमधून रस्ता शोधतात आणि पोर्ट जळतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून वापरत असाल, तर तो आधी काढून टाका.

प्रश्न : मी घरी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, मशीन रोज आठ तास चालतं. गोल्ड घेतला तर वीजबिलात पैसे वसूल होतील असं सगळे सांगतात. ब्रॉन्झपेक्षा तो बराच महाग आहे. घेऊ का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : बिलासाठी घेऊ नका. ८० प्लस ही २००४ साली सुरू झालेली प्रमाणपत्राची योजना आहे आणि ती एकच गोष्ट मोजते: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज आत पोहोचली. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ब्रॉन्झने ८५ टक्के द्यायला हवेत, गोल्डने ९०. आपल्या २३० वर दोघांचेही आकडे थोडे वर जातात, फरक साधारण तेवढाच राहतो. तुमचं मशीन आत २५० वॅट घेतंय असं धरा. ब्रॉन्झ भिंतीतून २९४ घेईल, गोल्ड २७८. फरक १६ वॅटचा. रोज आठ तास, महिनाभर चालवलंत तरी जेमतेम चार युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर चाळीस रुपये. आणि तुमचं मशीन आठही तास २५० घेत नाही. तुम्ही टाइमलाइनवर विचार करत बसलेल्या असता तेव्हा ते शंभराच्या खाली असतं.

तरीही तुमच्या कामाला मी गोल्डकडे झुकेन, पण वेगळ्या कारणाने. गोल्डची पातळी गाठायला कंपनीला आत चांगली मांडणी आणि चांगले भाग वापरावेच लागतात, उष्णता कमी होते, पंखा शांत राहतो आणि वॉरंटी बहुतेक वेळा सात किंवा दहा वर्षांची मिळते. रात्री एक्स्पोर्टला लावून झोपणाऱ्या माणसाला याचं मोल आहे. मात्र ८० प्लस म्हणजे गाडीचं ॲव्हरेज. ब्रेक कसे आहेत ते त्यावरून कळत नाही. रिपल, ओव्हरलोडला स्वतःहून बंद होणं, शॉर्टसर्किटपासून संरक्षण, यातलं काहीही ते प्रमाणपत्र तपासत नाही. आणि ‘८५ प्लस’ किंवा नुसतंच ‘हाय एफिशियन्सी’ असं छापलेलं असेल तर ते प्रमाणपत्रच नव्हे. ८० प्लसच्या संकेतस्थळावर कंपनीवार यादी आहे. मॉडेलचं पूर्ण नाव टाकून बघा, यादीत नसेल तर सोडून द्या.

प्रश्न : आमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस आहे. वर्डमध्ये काम करताना लाइट गेली तर कॉम्प्युटर चालू राहतो, मुलगा गेम खेळत असताना गेली की तत्क्षणी बंद. यूपीएसवाला म्हणतो एसएमपीएस खराब, एसएमपीएसवाला म्हणतो यूपीएस. मशीन आय५ १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० आहे.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : दोघेही वस्तू विकून मोकळे झालेत, बेरीज कुणीच केली नाही. ६०० व्हीएच्या यूपीएसच्या मागे बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेलं असेल. आपल्याला तोच आकडा धरायचा. तुमचं कार्ड १७० वॅट, प्रोसेसर पूर्ण जोरात ११७, बाकी ६०. म्हणजे आत ३४७. एसएमपीएस ८५ टक्के देतो असं धरलं तर यूपीएसकडून ४०० च्या वर मागणी जाते, शिवाय मॉनिटर. ३६० चा यूपीएस मान टाकणारच. वर्डमध्ये हेच मशीन शंभराच्या आत असतं, म्हणून तेव्हा चालतं.

किमान ६०० वॅट लिहिलेला यूपीएस घ्या. तो १००० किंवा ११०० व्हीएच्या घरात येतो. पैसे जमत असतील तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्यासारखी गुळगुळीत वीज देणारा. बॅटरीवर गेल्यावर स्वस्त यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो आणि ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती झेपत नाही. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, पण मोठ्या यूपीएसवरही तसंच बंद पडायला लागलं तर कारण हे असेल. बदलीच्या वेळचा मधला क्षण मात्र एसएमपीएसलाच निभवावा लागतो. लाइट गेल्यापासून बॅटरी लागेपर्यंत यूपीएसला सहसा दहा मिलिसेकंदांच्या आत वेळ लागतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही सोळा-सतरा मिलिसेकंद स्वतःच्या कपॅसिटरवर तग धरतो. खर्च वाचवायला तो कपॅसिटर छोटा बसवला असेल, तर महाग यूपीएस आणूनही मशीन बंद पडू शकतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलेलं आहे ना ते बघा.

यूपीएसकडून अपेक्षा एवढीच ठेवा की फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करता यावं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, आपल्या कळवा-पडघा लाइनचं नाव तेव्हा सगळीकडे घेतलं गेलं. तसल्या दिवसासाठी घरगुती यूपीएस नाहीच. आणि लेझर प्रिंटर त्याला कधीही लावू नका.

प्रश्न : जुना ६५० वॅटचा मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) एसएमपीएस काढून दुसऱ्या कंपनीचा ८५० चा बसवतोय. जुन्याच्या वायरी मागच्या बाजूने छान बांधून घेतल्या आहेत, प्लगही बसतायत. त्याच ठेवल्या तर चालेल ना?
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : नाही. हे वाचेपर्यंत मशीन चालू केलं नसेल तर करू नका.

वायरीच्या ज्या टोकाला मदरबोर्ड, कार्ड किंवा डिस्क लागते, त्या टोकाच्या पिना ठरलेल्या आहेत, सगळीकडे सारख्या. एसएमपीएसकडच्या टोकाला असा काही नियम नाही. तिथे कोणत्या पिनेवर १२ व्होल्ट, कोणत्यावर ५, कोणत्यावर ग्राउंड हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळं असू शकतं. प्लास्टिकचा साचा मात्र सारखा, त्यामुळे प्लग आरामात बसतो. मग डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट जातात आणि बटण दाबताक्षणी डिस्क संपते, आतल्या फोटोंसकट. नव्या एसएमपीएसबरोबर आलेल्या वायरीच लावा आणि पुन्हा बांधायला एक दुपार द्या. जुन्या वायरी जुन्या एसएमपीएसच्याच पिशवीत घालून वर मॉडेलचं नाव लिहून ठेवा.

८५० घेताय म्हणजे कार्ड मोठं असेल. त्याला दोन आठ-पिनी सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र वायरी लावा. एकाच वायरीला फुटलेली दोन तोंडं लावू नका. बारा मोठ्या पिनांचा नवा कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून पहिले साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवा. अर्धवट बसलेल्या पिना तापून कनेक्टर वितळल्याची उदाहरणं आहेत. नवीनच घेताय तर एटीएक्स ३.१ लिहिलेला बघून घ्या.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड गोल्ड एसएमपीएस निम्म्या किमतीत मिळतोय. घ्यावा का?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : नको गं. प्रोसेसर सेकंडहँड घे, रॅम घे, कॅबिनेट घे. एसएमपीएस नको. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापराने सुकत जातात, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तो कुणाच्या घरी, कोणत्या बंद कॅबिनेटमध्ये किती तापला हे बाहेरून दिसत नाही. शिवाय वॉरंटीची पावती तुझ्या हातात नसते. त्याच पैशांत नवा ब्रॉन्झ घे.

प्रश्न : एसएमपीएसचा पंखा वर ठेवायचा की खाली? आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं का?
– एक वाचक, कोपरी

उत्तर : कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली, म्हणजे तो बाहेरची थंड हवा ओढेल. पण कॅबिनेट गादीवर किंवा जाड गालिच्यावर ठेवू नका. तळाला जाळी नसेल तर पंखा वर. रात्री बटण बंद केलेलं चांगलं. मशीन आधी नीट शटडाउन झालं पाहिजे, एवढंच. पावसाळ्यात गावाला जाणार असाल तर प्लगच काढून ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत धूळ ओलसर होऊन बोर्डावर बसते, म्हणून परत आल्यावर मशीन आधी पुसून घ्या, खोलीत पंखा लावून थोडा वेळ जाऊ द्या आणि मग चालू करा.

प्रश्न : माझा दहावीतला मुलगा एसएमपीएस उघडून ब्रशने साफ करतो. प्लग काढलेला असतो, म्हणून काही होत नाही म्हणतो. परवा जळका वासही येत होता. मला यातलं कळत नाही, पण भीती वाटते.
– एक आई, कळवा

उत्तर : तुमची भीती अगदी योग्य आहे. त्याला आजच थांबवा. एसएमपीएस आत आल्याआल्या घरची २३० व्होल्टची वीज सरळ करतो आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. तिथे ३२५ व्होल्ट असतात, ॲक्टिव्ह पीएफसी असेल तर ४०० च्या जवळ. प्लग काढला तरी ते लगेच जात नाहीत. बहुतेक डिझाइनमध्ये ते हळूहळू उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असला तर चार्ज कितीतरी वेळ तसाच राहतो, आणि बाहेरून काहीच समजत नाही. टेस्टिंग विभागात आमच्याकडेही कपॅसिटर रेझिस्टरने उतरवून, मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय कुणी आत बोट घालायचं नाही असा नियम होता.

जळका वास आला म्हणजे तो एसएमपीएस आता वापरायचा नाही. आत पाल शिरून शॉर्ट झालेलं असू शकतं, कपॅसिटर फुगलेला असू शकतो; कारण काहीही असो, दुरुस्तीला न देता नवा घ्या. वॉरंटी असेल तर डबा न उघडता कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असेल तर ते घेणार नाहीत. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून पंखा फिरतो का ते बघायची युक्ती त्याने कुठेतरी पाहिली असेल. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो एवढंच कळतं, लोडवर तो टिकतो का ते नाही.

सफाई बाहेरूनही छान होते. मशीन बंद करून प्लग काढायचा, कॅबिनेट गॅलरीत न्यायचं, एसएमपीएसच्या पंख्यात लाकडी काडी अडकवून तो फिरू द्यायचा नाही आणि ब्लोअरने मागच्या जाळीतून हवा मारायची. धूळ खालच्या बाजूने बाहेर येते. दोन-तीन महिन्यांनी एकदा केलं की पुरे.

मुलाची हौस मात्र मोडू नका. दहावीनंतर त्याने पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर लॅबमध्ये हेच एसएमपीएस शिक्षकांसमोर उघडायला मिळतील. तोवर त्याला एक मल्टिमीटर घेऊन द्या आणि पेन्सिल सेलवर, मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर मोजायला बसवा. मीटरच्या तारा कोणत्या भोकात घालायच्या आणि व्होल्ट मोजताना नॉब करंटवर का ठेवायचा नाही, हे आधी पक्कं झालं पाहिजे. त्याला काही अडलं तर त्यानेच मला लिहावं, पुढच्या अंकात त्याच्या प्रश्नाला जागा ठेवते.